मावशी, उद्यापासून नको हं

"मावशी, उद्यापासून नको हं, आई आलीये गावाहून." रात्री साडेनऊला मेसेज. झालं! लागलेलं काम गेलं. या वर्षातलं हे तिसरं.

कोथरूडमध्ये राहते मी. चालत जाता येईल असं, महिन्याच्या ठरलेल्या पगाराचं, मूल सांभाळायचं काम हवंय, एवढंच मागणं. फोन येतात ते हिंजवडीहून. दोन बस बदलून सकाळी आठला दारात हजर व्हा म्हणे! जवळचं मिळालंच तर, "रोज नको, लागेल तेव्हा बोलावू." मी काय जादाचा सिलिंडर आहे का?

आणि बाळ सांभाळणं म्हणजे नुसतं बसून राहणं, असं यांना कोण सांगतं देव जाणे. "ते झोपलं की तेवढी भाजी निवडाल ना?" अहो, ते झोपतं वीस मिनिटं! त्यातही माझा डावा हात त्याच्या डोक्याखाली. काढला की भोकाड.

कायद्याने आईला २६ आठवड्यांची रजा आहे (सगळ्याच आयांना कुठली मिळायला, ते वेगळंच). ती संपायच्या आदल्या आठवड्यात यांची शोधाशोध सुरू. तेव्हा मी देवासारखी धावून आलेली. आधार, फोटो, पोलीस व्हेरिफिकेशन, सगळं दिलं. महिनाभरात बाळ रुळलं, माझ्या खांद्यावर मान टाकायला लागलं, की आजी हजर.

वर खाड्याचे पैसे कापतात, तेही त्यांच्याच सुट्टीचे. गोव्याला तुम्ही गेलात ना?

परवा एकीने विचारलं, "ट्रायल म्हणून आठवडाभर फुकट याल का?"