उपकारस्तुती, पण रिपीट चालणार नाही

आमच्याकडे प्रार्थना रात्री जेवणाआधी होते. भाकरी थापून होत आल्या की पप्पा, म्हणजे माझे सासरे, बैठकीतून हाक मारतात, "चला रे, या सगळे." मी तव्यावरची शेवटची भाकर टोपल्यात टाकते आणि हात पुसत जाऊन बसते. पूर्वी हा पाच-सात मिनिटांचा मामला होता. एक स्तोत्र, मग 'आमच्या स्वर्गातील पित्या', आमेन, की ताटं. 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' म्हणताना ती भाकर आत वाफाळत असायची, त्यामुळे निदान त्या ओळीला तरी सगळ्यांचं मन प्रार्थनेत असायचं.

मग लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासकाळ, सुरू झाला आणि चर्चमध्ये पाळकसाहेबांनी दहा कुष्ठरोग्यांवर संदेश दिला. बायबलात लूकच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायातली गोष्ट. दहा जण बरे झाले, उपकार मानायला एकच परत आला, तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका. "बाकीचे नऊ कुठे आहेत?" असं प्रभूने विचारलं. ते नऊ जण आज इथेच बसलेत, असं पाळकसाहेब म्हणाले आणि नेमके आमच्या बाकाकडे बघून म्हणाले. खरं सांगायचं तर मला त्या नऊ जणांची बाजू पटते. त्यांना 'जा, याजकांना दाखवा' असं सांगितलं होतं. ते बिचारे सांगितलेल्या कामालाच निघाले होते. तिथून घरी गेले असतील, तर दारातच कुणीतरी दळणाचा डबा हातात दिला असेल. पण हे मत महिला मंडळात मांडायची सोय नाही.

त्याच रात्री पप्पांनी जाहीर केलं की यापुढे प्रत्येकाने रोज एका गोष्टीसाठी उपकारस्तुती करायची. पौलाने थेस्सलनीकाकरांना 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा' असं लिहिलं आहे, तेव्हा जालन्याच्या लोकांना सूट मिळायचं कारण नाही. माझ्या आठवीतल्या लेकीने त्यात पोटनियम घातला: एकदा सांगितलेलं परत सांगायचं नाही. तिने वहीच घातली. आरोग्य, घर, आई-बाप, नोकरी हा ठोक माल पहिल्या आठवड्यात संपला. नवऱ्याने 'सर्व गोष्टींसाठी उपकार, आमेन' असं म्हणून एका दमात वर्षाचा कोटा उरकायला बघितला. लेकीने वहीवर फुली मारली. धाकट्याने गणिताचे सर आजारी पडल्याबद्दल देवाचे उपकार मानले. पप्पांनी डोळे वटारल्यावर त्याने पुरवणी जोडली, "सरांना बरं कर, पण घाई करू नको."

एवढ्यावर भागलं असतं. पण आमच्याकडे आत्याबाई राहतात. या पप्पांच्या थोरल्या बहीण. लग्नात मला रूथची गोष्ट सांगून सासरी धाडलं होतं. रूथ नामीला म्हणाली, तू जाशील तिथे मी येईन. ते सासूला उद्देशून होतं. नवऱ्याच्या आत्याबद्दल त्या पुस्तकात चकार शब्द नाही, हे मी नंतर नीट तपासून बघितलं.

आत्याबाईंचं आजोळ बेथेलचं. 1843 साली मुंबईत ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण शेषाद्री पुढे निजामाच्या मुलखात जालन्याला आले आणि त्यांनी शहराजवळ बेथेल गाव वसवलं. आत्याबाईंची उपकारस्तुती तिथून सुटते. आधी शेषाद्रीसाहेब, मग पणजोबा, मग आजोबांचे बैल, मग मिशन शाळेतली छडी, अशी ती काचीगुडा पॅसेंजरसारखी परतूर, सेलू, मानवत रोड एकही ठेसन न सोडता आजच्या तारखेला पोचते. तोवर आत पिठल्यावर साय धरलेली असते. आणि आजच्या तारखेला पोचली की गाडी माझ्यावरच येते.

"प्रभू बापा, सकाळच्या आमटीत मीठ नव्हतं. या वयात बिनमिठाचं गिळायची शक्ती तू मला द्यायलास, तुझे उपकार."

डोळे मिटलेले, हात जोडलेले. आता याला उत्तर काय देणार? देवाशी चाललेल्या बोलण्यात मध्ये तोंड घालता येत नाही. दुसऱ्या दिवशी माझी पाळी आली तेव्हा मी आत्याबाईंचे कान अजून इतके तिखट आहेत की फोनवर मी माहेरी हळू बोललेलंही त्यांना ऐकू येतं, याबद्दल मनापासून उपकार मानले. नवऱ्याला खोकल्याची उबळ आली.

देणाऱ्या आहेत मात्र त्या. गेल्या हंगामाच्या सणाला, म्हणजे पिकाबद्दल देवाचे उपकार मानायच्या उपासनेला, त्यांनी परसातला लाल भोपळा देवाला वाहिला. उपासना झाली की आमच्या चर्चमध्ये आलेल्या वस्तूंचा लिलाव होतो: मोसंबी, ज्वारी, अंडी, पाय बांधलेला कोंबडा. भोपळ्यावर बोली शंभराला अडली, तशी आत्याबाईंनी मान वळवून भाच्याकडे बघितलं. नवऱ्याने तो साडेतीनशेला सोडवला. आमच्याच परसातला भोपळा आम्हीच विकत घेऊन घरी आणला आणि घारग्या, भाजी, भरीत, पुन्हा घारग्या असा खाल्ला. मुलं कुरकुरली तेव्हा पप्पांनी बायबलातलं गणनाचं पुस्तक उघडलं. इस्राएल लोकांना देवाने रानात पुरवलेल्या रोजच्या मान्न्याचा वीट आला, मिसरातले, म्हणजे इजिप्तमधले, कांदे-लसूण आठवायला लागले, मांस पाहिजे म्हणून रडले. तेव्हा देव म्हणाला, नाकपुड्यांतून बाहेर येईपर्यंत खाल. धाकट्याने मुकाट्याने घारगी उचलली.

पप्पांचं वेगळंच. 1895 साली ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक यांनी आमच्या उपासनेत अभंग-भजनं आणली, हे त्यांचे थोर उपकार. पप्पा ते पहाटे पाचला पेटी काढून फेडतात, सगळ्या कडव्यांसकट. वर दाखला देतात पौल आणि सीलाचा: फिलिप्पैच्या तुरुंगात, पाय खोड्यात अडकलेले, तरी मध्यरात्री गात होते आणि बाकीचे कैदी ऐकत होते. त्या बाकीच्या कैद्यांना कुणी विचारलं का, की बाबांनो, तुमचा नुकता कुठे डोळा लागला होता का? आमच्या घरात त्या कैद्यांची प्रतिनिधी मी आहे.

पण वहीमुळे एक पंचाईत झाली. रोज नवीन काही पाहिजे म्हटल्यावर मला दिवसभर डोळे उघडे ठेवून हिंडावं लागायला लागलं. शाळेत, रिक्षात, भाजी निवडताना डोक्यात एकच, आज रात्री काय सांगू? मे महिन्यातल्या एका रात्री माझ्याजवळ काहीच उरलं नव्हतं. लाईट गेलेली, अंगणातसुद्धा वाऱ्याचं नाव नाही. मी मुलांच्या खोलीच्या दाराशी हातपंखा घेऊन बसले होते. लाईट आली, तसे पप्पा त्यांच्या खोलीतून उठून आले. मी अंधारात आहे हे त्यांना दिसलं नाही. त्यांनी मुलांच्या कूलरमागे हात घालून वाळ्याची ताटी चाचपली, एका कोपऱ्यात ती कोरडी राहत होती. मोटर अडकली होती, ती दोन चापट्या मारून सुरू केली, तांब्याने वरून पाणी सोडलं, गवत बोटांनी सारखं केलं आणि ताटी पुरती ओली होईपर्यंत तिथेच उभे राहिले. सकाळी लेकीला विचारलं, तर ती म्हणाली, "आजोबा रोजच येतात की. तुला माहीत नव्हतं?"

मी ते प्रार्थनेत सांगितलं. पप्पा काही बोलले नाहीत, नुसतं खाकरले. पण घरातल्या इतरांच्या लक्षात आलं की बाईच्या वहीत आपलंही नाव चढू शकतं, आणि बाजार सुरू झाला.

संध्याकाळी सातच्या सुमाराला धाकटा पाण्याच्या बाटल्या भरून माझ्या कानापाशी आपटायला लागला. नवरा कपडे वाळत घालायला लागला आणि घालून झाले की "दोरीवरचे कपडे कुणी घातले, बघून घे" असं सहज म्हणायला लागला. आत्याबाई तर दुपारभर माझ्यासमोर लसूण सोलत बसायच्या, पाकळीगणिक सुस्कारा. उजव्या हाताचं डाव्याला कळू देऊ नका ही शिकवण आमच्या घराने साफ धाब्यावर बसवली. मी पाळकसाहेबांना यातलं काही कळवलेलं नाही. कामं होत होती. ज्या बाईला सकाळी उठून सात डबे, दोन टिफिन आणि एक पेटी यांना तोंड द्यायचं असतं, तिने हेतूची शुद्धता तपासत बसू नये असं माझं मत आहे.

उलट मी एक पाऊल पुढे गेले. मोरीतला नळ ठिबकत होता. नवऱ्याला सांगून जीभ झिजली होती. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वास म्हणजे न दिसणाऱ्या गोष्टींबद्दलची खातरी असं म्हटलं आहे. मी डोळे मिटून म्हटलं, "प्रभू, मोरीतल्या नळाला नवा वायसर बसला म्हणून तुझे उपकार." नवऱ्याने एक डोळा उघडला. मी तो बघितला, कारण माझाही एक उघडाच होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वायसर आला आणि बसलाही.

आत्याबाईंनी सगळं बघितलं होतं. त्या रात्री त्यांची गाडी बेथेलला थांबलीच नाही, शेषाद्रीसाहेबांना गाळून एकदम आजच्या तारखेला आली.

"प्रभू बापा," त्या गहिवरून म्हणाल्या, "येत्या रविवारी सूनबाईनं माझ्यासाठी पुरणाच्या पोळ्या केल्या, वर साजूक तूप वाढलं, तुझे लाख लाख उपकार."

सगळे एका सुरात आमेन म्हणाले. लेकीने वहीत टिक मारली. मी डोळे मिटलेलेच ठेवले आणि हरभऱ्याची डाळ घरात किती आहे ते आठवायला लागले.