जॉर्डनला कुणी हाकललंच नव्हतं

दहावीचा निकाल लागला की अमेरिकन बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डन आमच्या घरच्या ग्रुपवर हजेरी लावतोच. मजकूर ठरलेला: 'कोचने नालायक ठरवून शाळेच्या संघातून हाकललं, एनबीएच्या संघांनीही नाकारलं, तरी जिद्दीने जगात पहिला आला.' (एनबीए म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग.) यंदा कमी मार्क पडलेल्या भाचीला तो तीन काकांनी पाठवला. म्हणून हे लिहितोय.

'संघातून हाकललं.' हाकलायला आधी संघात असावं लागतं. 1978 साल, नॉर्थ कॅरोलिनातल्या विल्मिंग्टनची लेनी हायस्कूल. जॉर्डन तेव्हा दहावीत. तिकडे शाळेचे दोन संघ असतात: मोठ्या पोरांचा व्हार्सिटी आणि त्याखालचा ज्युनियर व्हार्सिटी. मोठ्या संघाची यादी लागली, नावं आडनावांच्या क्रमाने. 'जे'पाशी जॉर्डनने पुन्हा पुन्हा पाहिलं, नाव नाही. घरी जाऊन खोलीचं दार लावून रडलो, असं पुढे त्यानेच सांगितलंय. रडणं खरं आहे. पण त्या वर्षी तो ज्युनियर संघातून खेळला आणि एकेका सामन्यात चाळीस-चाळीस गुण काढायला लागला.

'कोचला पारख नव्हती.' दहावीतल्या पोराला मोठ्या संघात घेणं मुळात दुर्मीळ. ती एक जागा मिळाली लेरॉय स्मिथला. लेरॉय साडेसहा फुटांच्या घरात, जॉर्डन पाच फूट दहा इंच. गार्डच्या, म्हणजे बास्केटपासून लांब राहून चेंडू खेळवणाऱ्याच्या जागी खेळणारी मोठी पोरं संघात होतीच, बास्केटखाली उंच माणूस हवा होता. मी कोच असतो तर हेच केलं असतं. शिवाय हेच कोच, पॉप हेरिंग, नंतर भल्या पहाटे जॉर्डनला घरून उचलून सरावाला नेत. ग्रुपवरच्या त्या मेसेजमध्ये त्यांच्या वाट्याला फक्त खलनायकी येते.

'निव्वळ जिद्दीने.' मेहनत होतीच, पण नंतर उंचीही चांगली चार-पाच इंच वाढली. ती काही निश्चयाने वाढत नाही. 1982 च्या कॉलेज अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात जॉर्जटाउनविरुद्ध शेवटच्या काही सेकंदांत विजयी बास्केट टाकणारा नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचा पहिल्या वर्षाचा पोरगा म्हणजे हाच.

'एनबीएने नाकारलं.' 1984 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, त्याची निवड तिसरी होती. याला नाकारणं म्हणत असतील तर मेरिट लिस्टमध्ये तिसरा आलेला पोरगाही नापासच. ह्यूस्टनच्या संघाने पहिला घेतला हकीम ओलाजुवान, आणि त्याने त्यांना 1994, 1995 ची विजेतेपदं मिळवून दिली, त्यामुळे तिथे चूक नाही. दुसरी निवड असलेल्या पोर्टलंडच्या संघाकडे जॉर्डनच्याच जागी खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर होता, म्हणून त्यांनी सात फुटी सॅम बोवी घेतला. पुन्हा उंचीच! पण बोवी पायाच्या दुखापतीने कॉलेजचे दोन मोसम बाहेर बसला होता, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. ही मात्र सपशेल चूक. तिसरी निवड असलेल्या शिकागोच्या संघाकडून जॉर्डनने पहिल्याच मोसमात सामन्याला सरासरी 28.2 गुण काढले.

आता ही दंतकथा पसरवली कुणी? बरीचशी खुद्द जॉर्डनने. 2009 साली हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे बास्केटबॉलमधल्या थोरांच्या यादीत नाव घालण्याच्या सोहळ्यात त्याने लेरॉय स्मिथला मुद्दाम बोलावलं, व्यासपीठावरून त्याच्याकडे बोट दाखवलं आणि कोचला ऐकवलं की, चूक तुमचीच होती. सहा विजेतेपदं नावावर होती, तरी एकतीस वर्षांपूर्वीची ती यादी त्याच्या डोक्यातून गेलेली नव्हती.