दीड फुटी शब्द आणि बारा बोटांचं आतडं

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, 'हं' म्हणाले आणि कागदावर तपासणी लिहून दिली. ईसोफॅगोगॅस्ट्रोड्युओडेनोस्कोपी. मला आधी वाटलं, तीन-चार वेगवेगळे आजार आहेत आणि मधे जागा सोडायची राहून गेलीय. घरी येऊन चष्मा लावून पाहिलं तर तो एकच शब्द होता. रोमन लिपीत 26 अक्षरांचा.

वेळ ठरवायला फोन केला. पलीकडून बाईंनी विचारलं, "कसली तपासणी?" मी श्वास भरून घेतला. 'ईसोफॅगो'पर्यंत गाडी बरी गेली, 'गॅस्ट्रो'ला हेलकावे खायला लागली आणि 'ड्युओ'पाशी रुळावरून घसरली. मागे येऊन पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच अपघात. तिसऱ्या खेपेला बाई लहान मुलाला समजवावं तशा सुरात म्हणाल्या, "काका, दुर्बीण का?"

दुर्बीणच.

"मग तसं सांगा ना! गुरुवारी सकाळी या. उपाशीपोटी."

गुरुवारला चार दिवस होते. पाणउतारा झाला की काही माणसं विसरून जातात, काही अभ्यासाला लागतात. मी दुर्दैवाने दुसऱ्या जातीचा. पेन्सिल घेऊन शब्दाचे डबे सुटे करायला बसलो. ईसोफॅगस म्हणजे अन्ननलिका. 'गॅस्टर' म्हणजे ग्रीकांचं पोट. 'स्कोपी' म्हणजे बघणं. राहता राहिलं ते ड्युओडेनम, ज्याने माझा फोनवर घात केला होता. लॅटिनमधल्या बारा-बारावरून हे नाव पडलं, कारण लहान आतड्याचा हा पहिला तुकडा बारा बोटं शेजारी शेजारी टेकवली तर भरेल एवढा लांब धरला होता. जर्मन लोक तर त्याला सरळ 'बारा बोटांचं आतडं' म्हणतात. कुणा जुन्या वैद्याने खरोखरच बोटं ठेवून मोजलं असणार. दहा संपल्यावर शेजारच्याची दोन उसनी घेऊन.

आपल्या पाठ्यपुस्तकी मराठीत त्याला आद्यांत्र म्हणतात. हे कळल्यावर मला राहवेना. तिथल्या तिथे प्रतिशब्द घडवला: अन्ननलिकाजठराद्यांत्रदर्शन. घरात खड्या आवाजात म्हणून दाखवला. मुलगी मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "बाबा, सिग्नलला अग्निरथगमनागमनसूचक का काय ते म्हणणारे तुमच्यातलेच का?"

तिला काय सांगणार? लांब शब्दांची टिंगल दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्येही चालायची. कवी होरेसने अशा शब्दांना 'दीड फुटी' म्हटलंय, लॅटिनमध्ये 'सेस्क्विपेडालिया'. पुढे कुणीतरी याच दीड फुटाला धरून लांब शब्दांच्या भीतीचं नाव तयार केलं: हिप्पोपोटोमॉन्स्ट्रोसेस्क्विपेडालिओफोबिया. 36 अक्षरं. त्यातला पाणघोडा आणि राक्षस निव्वळ लांबी वाढवायला आणून बसवलेत. विंचवाला घाबरणाऱ्याच्या औषधाच्या बाटलीला विंचवाच्या आकाराचं बूच लावावं, तसला हा प्रकार.

इंग्रजी शब्दकोशातला प्रसिद्ध 45 अक्षरी शब्दही असाच. 1935 साली अमेरिकेतल्या कोडीबाजांच्या संघटनेचे, नॅशनल पझलर्स लीगचे, अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी तो घडवला. न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस! ज्वालामुखीची अतिसूक्ष्म धूळ छातीत जाऊन होणारा विकार, असा त्याचा अर्थ. खोकणाऱ्या माणसाला हे म्हणता येईल का, असा विचार कोडीवाल्यांनी करायचा नसतो. डॉक्टर आपले 'सिलिकोसिस' म्हणतात आणि पुढचा पेशंट बोलावतात.

मंगळवारी मला आपल्याकडचंही एक रत्न सापडलं. विजयनगरच्या तिरुमलांबा या कवयित्रीने 16व्या शतकात 'वरदांबिकापरिणयचंपू' लिहिला, त्यात 195 अक्षरांचा एक समास आहे. एकच! आणि हे कुठल्या भाषेत? तर अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणांना मुलगा झाल्याचा आनंद होतो, असं जिथे म्हणतात, त्या संस्कृतात. तो समास छापून आला असता तर वैयाकरणांच्या आळीत त्या दिवशी चुली पेटल्या नसत्या.

बुधवारी रात्री मात्र मी चूक केली. उपास सुरू झाल्यावर वाचायला घेतला अॅरिस्टोफेनीस. या ग्रीक नाटककाराने इ.स.पू. 391च्या सुमारास एका नाटकात 171 अक्षरांचं एका पदार्थाचं नाव घातलंय. नाव कसलं, पाककृतीच ती. मासे, मध, कबुतर, ससा, कोंबडा, जे हाताला लागलं ते एकाला एक चिकटवत नेलंय. नाटकात हा शब्द दमात म्हणणाऱ्या नटाला लोकांनी डोक्यावर घेतलं असेल. मी रिकाम्या पोटी मनातल्या मनात म्हणत होतो आणि दर दहाव्या अक्षराला पोट साथ देत होतं.

गुरुवारी पहाटेपासून घोकंपट्टी केली. रिक्षात चालकाने दोनदा आरशातून मागे पाहिलं. पण तपासणीच्या खोलीबाहेर पोहोचेपर्यंत ईसोफॅगोगॅस्ट्रोड्युओडेनोस्कोपी न अडखळता, न थुंकता, एका दमात यायला लागली होती. आत गेलो, आडवा झालो. सिस्टरने तोंड उघडायला सांगून घशात कसलासा कडू फवारा मारला. जीभ हळूहळू दुसऱ्या कुणाची तरी व्हायला लागली. तेवढ्यात फाइल चाळत डॉक्टरांनी विचारलं, "आज काय करायचंय, माहीत आहे ना?"

चार दिवस ज्या क्षणाची वाट पाहिली तो हाच. मी तोंड उघडलं.

"दु... ल्... बी..."

"बरोब्बर," डॉक्टर म्हणाले आणि नळी आत घातली.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. वर ठळक अक्षरांत तोच शब्द, 26च्या 26 डबे जागेवर. खाली निष्कर्ष: नॉर्मल. मी तो कागद आईसमोर ठेवला. तिने लांबूनच पाहिला.

"मी कधीची सांगतेय," ती म्हणाली, "पित्त."