लिलावाच्या आदल्या दिवशी पैसे भरून घर वाचत नाही

सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरतोय. 'हप्ते थकले तरी घाबरू नका. बँकेची नोटीस आली तर घेऊच नका. लिलावाच्या दिवसापर्यंत पैसे भरले की घर आपलंच. नाहीच जमलं तर दिवाणी कोर्टातून स्टे आणा, नाहीतर चाव्या बँकेत टाका, कर्ज मिटलं.' पाठवणारा धीर द्यायला पाठवतो, पण त्या धीरावर विसंबणाऱ्याचं घर जातं.

आधी लिलावाच्या दिवसाचं बोलू. ही समजूत अगदीच हवेतली नाही. कोर्टात न जाता गहाण घर ताब्यात घेऊन विकायचा अधिकार बँकेला देणारा कायदा म्हणजे सरफेसी. त्याच्या कलम १३(८) प्रमाणे पूर्वी विक्रीच्या ठरलेल्या तारखेआधी सगळी बाकी भरून घर सोडवता यायचं. २०१६ च्या दुरुस्तीने ती मुदत कमी केली. आता लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध झाली की घर सोडवण्याचा हक्क संपतो. बाफना मोटर्सच्या नवी मुंबईतल्या मालमत्तेच्या प्रकरणात कर्जदार लिलावातल्या बोलीपेक्षा जास्त रक्कम भरायला तयार होते आणि मुंबई उच्च न्यायालयाने तशी परवानगीही दिली होती. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. कोटींची तयारी असलेल्यांची ही गत, मग आपण लिलावाच्या सकाळी मेहुण्याकडून उसने आणून काय करणार?

नोटीस न घेण्याचा सल्ला तर सरळ आत्मघातकी. तुम्ही टाळाटाळ केलीत तर ती दारावर चिकटवतात, दोन वर्तमानपत्रांत छापतात, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. म्हणजे कायद्याने ती तुम्हाला मिळाली, आणि वर शेजाऱ्यांनीही वाचली.

खरं तर घर वाचवायची जागा त्या पहिल्या नोटिशीतच असते. हप्ता ९० दिवसांवर थकला की खातं एनपीए, म्हणजे बुडीत कर्जाच्या यादीत, जातं, मग सरफेसीच्या कलम १३(२) ची, ६० दिवसांत कर्ज फेडा सांगणारी नोटीस येते. या दिवसांत लेखी हरकत घ्या. व्याज चुकीचं लावलंय, भरलेला हप्ता जमा दिसत नाही, जे असेल ते लिहा. बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावंच लागतं. पैशांची सोय होत असेल तर थकलेले सगळे हप्ते व्याजासकट भरा. एखादा हप्ता भरून खातं एनपीएतून बाहेर येत नाही, लोक इथेच फसतात. कर्जाची फेररचना मागता येते, एकरकमी तडजोडही. पण तडजोड मान्य करायचं बँकेवर बंधन नाही, म्हणून तिच्या आशेवर दिवस घालवू नका. आणि घर ठेवणं झेपणारच नसेल तर स्वतः गिऱ्हाईक शोधा. नोटिशीनंतर विकायला बँकेची लेखी संमती लागते, पण भाव बहुधा लिलावापेक्षा बरा येतो. आणखी एक: बाकी मुद्दल-व्याजाच्या २० टक्क्यांच्या आत आली असेल तर सरफेसीची ही कारवाई लागूच होत नाही. कर्ज फेडत आणलेल्यांनी हे आधी तपासावं.

दिवाणी कोर्टाचा स्टे विसरा, सरफेसीच्या कलम ३४ ने ती वाट बंद आहे. बँकेने प्रतीकात्मक का होईना, म्हणजे नुसती ताब्याची नोटीस लावून, ताबा घेतला की ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, अर्ज करायचा. तिथे '७५ टक्के रक्कम आधी भरा' ही अट होती, ती सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच रद्द केली. 'परिस्थिती वाईट आहे' एवढ्यावर तिथे भागत नाही. मूल्यांकन, ३० दिवसांची विक्री नोटीस, वर्तमानपत्रातली जाहिरात यात बँक कुठे चुकली ते दाखवावं लागतं.

चाव्या दिल्याने कर्ज मिटत नाही. लिलावात कमी पैसे आले तर उरलेली रक्कम बँक तुमच्याकडून वसूल करू शकते. खर्च आणि येणं वळतं करून जास्त उरले तर मात्र ते तुमचे. हिशोब लेखी मागा.

'आपली तर सहकारी बँक, चेअरमन ओळखीचे' असंही ऐकू येतं. मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलंय की सरफेसी सहकारी बँकांनाही लागू आहे. पतसंस्थेची गोष्ट वेगळी. ती सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला काढते आणि तिथे डीआरटी येत नाही. त्यामुळे नोटीस हातात पडली की आकड्याच्या आधी तिच्यावरचं कलम वाचा.