पद्धतशीर अपयशासाठी काही सूचना

नुसत्या आळसाने फार तर काम राहून जातं. नाव निघेल असं अपयश हवं असेल तर मेहनत लागते, माणसं लागतात, वरच्यांच्या सह्या लागतात.

सर्वांत उच्च प्रतीचा प्रकार म्हणजे चाचणी घ्यायची आणि निकाल मनावर घ्यायचा नाही. यासाठी स्वीडनच्या ‘वासा’ या युद्धनौकेचा अभ्यास करावा. जहाज धक्क्याला असतानाच तीस खलाशांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवलं. तीन फेऱ्यांतच ते इतकं डोलू लागलं की अ‍ॅडमिरलसाहेबांनी तातडीने पळापळ थांबवली. जहाजाची तयारी मात्र चालूच राहिली. राजा दूर लढाईवर, त्याला घाई. वाईट बातमी कळवणार कोण? १० ऑगस्ट १६२८ रोजी वासा निघाली, जेमतेम तेराशे मीटर गेली, वाऱ्याने कलली, तोफांच्या उघड्या झरोक्यांतून पाणी शिरलं आणि बंदरातच बुडाली. चौकशीत दोषी कुणीच ठरलं नाही. मुख्य कारागीर आदल्याच वर्षी वारला होता; अशी एखादी व्यक्ती हाताशी असू द्यावी.

मापं एक ठेवू नयेत. वासावर सापडलेल्या काही मोजपट्ट्यांचा फूट बारा इंचांचा, काहींचा अकराचा. १९९९ मध्ये ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ या नासाच्या यानानेही हीच वाट धरली: एका गटाचे आकडे पौंडांत, दुसऱ्याने ते न्यूटनमध्ये धरले आणि यान मंगळाच्या वातावरणात जाऊन कायमचं हरवलं.

पर्यायी व्यवस्था जरूर ठेवा, फक्त ती मूळ व्यवस्थेची हुबेहूब नक्कल असावी. १९९६ च्या पहिल्या ‘एरियन ५’ या युरोपीय रॉकेटमध्ये जुन्या रॉकेटचा प्रोग्रॅम तसाच उचलला होता. नव्याचा वेग जास्त, वेगाचा आकडा संगणकातल्या १६ बिटांच्या ठरलेल्या जागेत मावेना. राखीव संगणक आधी बंद पडला, मग मुख्य, आणि रॉकेट हवेतच फुटलं. दोन्ही संगणकांत तोच प्रोग्रॅम. त्यातही बिघडलेला भाग उड्डाणानंतर लागणारच नव्हता, हे विशेष.

तुमच्याकडे जहाज किंवा रॉकेट नसेल तर खचू नका. तारीख आधी जाहीर करा, काम किती आहे ते नंतर विचारा. दर सोमवारी ‘नव्वद टक्के झालंय’ असं कळवा. हा आकडा महिनोन्‌महिने टिकतो. शंका काढणाऱ्याला ‘विहित नमुन्यात लिहून द्या’ म्हणावं आणि नमुना देऊ नये.

शेवटी समिती नेमा. तिचा अहवाल येण्याआधी पुढच्या प्रकल्पाचा नारळ फोडून टाका.