गाडी विकून टाक म्हणणाऱ्यांचं ऐकू नका

व्हिसा आला, राजीनामा टाकून झाला, फ्रिज कामाच्या मावशींकडे आणि दिवाण डोंबिवलीच्या आत्याकडे गेला. आता खाली पार्किंगमध्ये उभी असलेली गाडी तेवढी उरली. जो भेटेल तो म्हणतो, विकून टाक. अजिबात विकू नका. हप्ते काय त्यांनी भरले होते? ठाण्यात मानपाड्यापासून माजिवड्यापर्यंत मेट्रोच्या खांबांच्या कडेकडेने पहिल्या-दुसऱ्या गिअरवर जाताना क्लच कुणाचा जळाला? अशा गाडीभोवती एखाद्या अ‍ॅपवाल्या पोराने टॅब्लेट घेऊन फेरी मारावी, दाराच्या पत्र्यावर टकटक करावी आणि ‘रिपेंट आहे सर’ म्हणून चाळीस हजार कापावेत, हे तुम्हाला बघवणार नाही. सोबतच घेऊन जा.

कशी न्यायची म्हणाल, तर बंदर आपल्या घरातच आहे. ऐरोलीचा पूल ओलांडला, उरण फाट्याला वळलं की न्हावाशेवा आलंच. १९८९ पासून अर्ध्या देशाचा माल तिथून ये-जा करतोय, तुमची एक गाडी जड होणार नाही. शिवाय प्रत्येक कुटुंबात जसा एक आरटीओतला माणूस असतो, तसा वाशी-नेरूळकडे प्रत्येक कुटुंबात एक सीएचए, म्हणजे कस्टमची कागदपत्रं करून देणारा एजंट, असतोच. ‘काका, गाडी पाठवायचीय.’ ‘पाठवू की. होऊन जाईल.’ काका खोटं बोलत नाहीत. शिपिंग बिल म्हणजे निर्यातीचा कागद, स्टफिंग म्हणजे कंटेनरमध्ये भरणं, लॅशिंग म्हणजे आत बांधून ठेवणं, गाडी बोटीवर चढेपर्यंतचं सगळं त्यांच्या हातातलं आहे. ती जिथे उतरणार तिथला कस्टमवाला काकांना ओळखत नाही, एवढाच काय तो बारीक मुद्दा. आणि बारीक मुद्द्यांवर अडून बसणारी माणसं परदेशात जात नाहीत.

तर पहिली गोष्ट, देश स्टिअरिंग बघून निवडा. पगार, मुलांची शाळा, हवापाणी हे नंतर. आपलं स्टिअरिंग उजवीकडे. दुबईची ऑफर आली असेल तर नम्रपणे नाकारा, कारण उजव्या स्टिअरिंगची गाडी तिथे नोंदवून घेत नाहीत. ‘अहो, मी घोडबंदरला राँग साइडने येणाऱ्या डंपरसमोर गाडी चालवलीय, मला दोन्ही बाजू सारख्याच’ हे तुमचं म्हणणं खरं आहे, पण त्यांच्या फॉर्मात त्यासाठी रकाना नाही.

अमेरिकेचं गणित आणखी सुंदर. तिथे २५ वर्षांहून जुन्या गाडीला केंद्र सरकारचे सुरक्षानियम माफ आहेत. त्याहून नवी असेल तर ती मुळात त्यांच्या मानकांप्रमाणे बनलेली हवी, म्हणजे तुमची नाही. कॅनडा जरा दिलदार, तो १५ वर्षांवर समाधान मानतो. म्हणजे सहा एअरबॅगवाली, सीटवरचं प्लास्टिक अजून न काढलेली तुमची एसयूव्ही चालत नाही. आणि सासऱ्यांची १९९८ सालची मारुती ८००, जिचं मागचं दार आतून उघडत नाही, ती चालते. इथे पंधरा वर्षं झाली की तिला फेरनोंदणीला न्या, पर्यावरण कर भरा, फिटनेससाठी रांगेत उभं करा. तिकडे वयाचा मान आहे. तेव्हा अमेरिका ठरली असेल तर सासऱ्यांशी आजपासून गोड बोला. स्वतःचीच गाडी न्यायची असेल तर २५ वर्षं थांबा. घाई कसली, ग्रीन कार्डाचा नंबरही साधारण तेव्हाच लागेल.

सिंगापूरला स्टिअरिंग जुळतं. फक्त गाडी तीन वर्षांहून जुनी नको, आणि ती रस्त्यावर आणायला दहा वर्षांचं एक प्रमाणपत्र लिलावात बोली लावून घ्यावं लागतं. त्याचा भाव लाख सिंगापुरी डॉलरच्या वर जाऊन आलेला आहे. गाडीची किंमत वेगळी, कर वेगळे. पुढे चला.

खरी मजा ऑस्ट्रेलियात. स्टिअरिंग उजवीकडे, रस्त्याची डावी बाजू आपलीच, आणि कायम राहायला जाणाऱ्याला स्वतःची गाडी आणता येते अशी चक्क सोयही आहे. अट इतकीच की ती किमान १२ महिने परदेशात तुमच्या मालकीची आणि वापरात असावी, आणि आयातीची मंजुरी हातात पडण्याआधी बोटीवर चढवू नये. ‘आधी पाठवू, मंजुरी मागून येईल’ ही काकांची पद्धत इथे वापरू नका. मालकीला आरसी आहे. वापराचा पुरावा मात्र जमवावा लागेल, आणि तिथे तुम्हाला फास्टॅगचं स्टेटमेंट आठवेल. ऑक्टोबर २०२४ पासून मुलुंड आणि ऐरोलीचा टोल हलक्या वाहनांना माफ झाला तेव्हा आपण पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. आता रोज नाका ओलांडूनही कुठे नोंद नाही. भोगा.

मग अ‍ॅस्बेस्टॉस. ब्रेक पॅडपासून गॅसकेटपर्यंत कशातही तो चालत नाही, आणि नाही हे सिद्ध तुम्ही करायचं. गॅरेजवाल्याला फोन लावून विचारा, मागच्या सर्व्हिसिंगला टाकलेले ब्रेक पॅड ओरिजिनल होते ना? तो म्हणेल, ‘साहेब, ओरिजिनलसारखेच.’ हे त्याच्याकडून लेटरहेडवर लिहून घ्या.

आणि स्वच्छता. गाडीला माती, बी, पान, किडा यातलं काहीही चिकटलेलं त्यांना खपत नाही. सापडलं तर तुमच्या खर्चाने धुतात, नाहीतर परत पाठवतात. सोसायटीचा गाडी पुसणारा पोरगा महिन्याला पैसे घेऊन जे ओलं फडकं फिरवतो, ते म्हणजे धुणं नव्हे, हे मेलबर्नला जाऊन कळण्यापेक्षा इथेच कळलेलं बरं. गाडी लिफ्टवर चढवा आणि खालून बघा. चाकांच्या कमानीत गायमुख घाटातला तीन पावसाळ्यांचा चिखल थरांनी बसलेला दिसेल. वायपरखालच्या खाचेत गुलमोहराची पानं. सीटच्या रुळात चुरमुरे आणि येऊरला खाल्लेल्या कणसाचे दोन दाणे. ग्लोव्ह बॉक्समध्ये कुठल्याशा दसऱ्याची आपट्याची पानं, ‘सोनं आहे, टाकू नका’ म्हणून ठेवलेली. डिकीत, स्टेपनीच्या खड्ड्यात, वाशीच्या एपीएमसीतून आणलेल्या गोणीतून सांडलेला तांदूळ. हा तांदूळ नीट वेचा. धान्यातल्या खापरा भुंग्याची ऑस्ट्रेलियाला इतकी धास्ती आहे की भारतातून जाणाऱ्या कंटेनरांना त्यापायी वेगळे नियम लावलेत. राहिली बंपरला लटकवलेली लिंबू-मिरची. नजर लागू नये म्हणून बांधलेली ती वस्तू तिथल्या माणसाच्या नजरेत सगळ्यात आधी भरेल. आईला न सांगता सोडवा.

ब्रिटनला जाणार असाल तर तिथेही सवलत आहे. बारा महिने देशाबाहेर राहिलेले असलात आणि गाडी सहा महिने वापरलेली असली की सीमाशुल्क माफ. दहा वर्षांच्या आतल्या गाडीला तपासणी, स्पीडोमीटरवर मैल, मागे धुक्यातला लाल दिवा. ठाण्यात धुकं म्हणजे बांधकामाची धूळ, म्हणून आपल्या बऱ्याच गाड्यांना तो दिवाच नसतो. बसवून घ्या. सवलतीने आणलेली गाडी वर्षभर विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही आणि कुणाला वापरायलाही देता येत नाही. ही शेवटची अट ज्याने लिहिली त्याला मेव्हणा असणार. एवढ्या एका कलमासाठी ब्रिटन निवडायला माझी हरकत नाही.

बोट नको, चालवतच जातो म्हणणारे शूर लोकही आहेत, आणि लंडनहून ठाण्याला रस्त्याने गाडी आणल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. त्याला कार्ने नावाची कागदपत्रं लागतात, बँक गॅरंटी ठेवावी लागते. फक्त कार्ने म्हणजे गाडी देशाबाहेर परत नेण्याची लेखी हमी. कायमचं राहायला जाताना ती देणं जरा नाटकी दिसतं.

दरम्यान इकडची कामं. कर्ज फिटलं असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत बोजा उतरवा. फिटलं नसेल तर गाडी तुमची नाही, बँकेची आहे, आणि बँकेला परदेशात जायचं नाहीये. तारखांवर तारखा पडत शेवटी बसवलेली एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरपाटी, तिकडे कुणी विचारणार नाही. विम्याची हद्द मात्र जास्तीचे पैसे भरून वाढवून मिळते: नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तान. यातल्या कुठे स्थायिक होत असाल तर निर्धास्त राहा. कंटेनरमध्ये गाडी शिरवताना घाबरू नका. आतली रुंदी जेमतेम साडेसात-पावणेआठ फूट, दार पुरतं उघडत नाही, पोट आत ओढून बाहेर यावं लागतं. दोन पिलरच्या मधल्या पार्किंगमुळे ठाणेकराला त्याचा सराव आहे.

एवढं सगळं वाचून कुणाचा धीर सुटलाच, तर शेवटची सोय सांगतो, जी ठाण्यातली निम्मी घरं करतात. गाडीवर चंदेरी कव्हर घाला आणि चावी वडिलांकडे द्या. दर रविवारी ते खाली उतरून गाडी चालू करतील, दहा मिनिटं एसीत बसून पेपर वाचतील आणि व्हिडिओ कॉलवर ‘एका सेल्फमध्ये घेतली’ असं सांगतील. बॅटरी दोनदा बदलली हे सांगणार नाहीत. तुम्ही तिकडे सेकंडहँड टोयोटा घ्याल आणि इकडचा विमा दरवर्षी न चुकता भराल. ती विकली असती तर बाकी काही नाही तरी नो क्लेम बोनसचं पत्र हाती आलं असतं, तीन वर्षं चालणारं. पण मग सुट्टीत आल्यावर कुणाची गाडी काढून ट्रॅफिकला शिव्या दिल्या असत्या?

एक काळजी मात्र घ्या. गाडी एखाद्या वेळी गेली तरी चालेल, पार्किंग रिकामं दिसू देऊ नका. सेक्रेटरीच्या जावयाची गाडी एकदा का ‘दोन दिवसांसाठी’ तिथे लागली, की ती हलवायला कुठल्याच देशाचा कायदा पुरत नाही.