बुडाचं माप

सहाशे किलोमीटर सायकल चालवायची म्हणजे पाय दणकट हवेत, असं ज्यांना वाटतं त्यांनी सहाशे सोडा, साठही चालवलेले नसतात. पाय बिचारे सोसतात. बोंब मारतं ते बूड. त्यामुळे ब्रेव्हेची, म्हणजे ठरल्या वेळेत संपवायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीची, माझी तयारी बुडापासून सुरू झाली आणि, खरं सांगायचं तर, अजून तिथेच बसून आहे.

ब्रेव्हे ही शर्यत नव्हे. निकालात पहिला-दुसरा कुणी नसतो. ६०० किलोमीटर ४० तासांत संपवायचे, बस्स. म्हणजे ताशी १५. शेजारचे काका म्हणाले, "एवढंच? एवढं तर मी शाळेत जाताना चालवायचो." पण हे घड्याळ थांबत नाही. पंक्चर काढा, जेवा, झाडामागे जाऊन या, रस्त्याकडेच्या बाकड्यावर आडवे व्हा, सगळं त्या ४० तासांतच. शिवाय फार लवकर पोहोचायलाही बंदी आहे. १८ तास ४८ मिनिटांच्या आत आलात तर चालत नाही. एवढा एक नियम मी वाचला नसता तरी पाळला असता.

"जिंकलं की काय मिळतं?" बायकोने विचारलं.

"जिंकायचं नसतंच. पूर्ण केली की मेडल."

"बरं."

"म्हणजे... ते विकत घ्यायचं असतं."

यावर ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तर बूड. सीट जितकी मऊ तितकी चांगली, हे साफ खोटं. मऊ गादीत हाडं रुततात आणि जिथे भार पडू नये तिथल्या नसा दबतात. सीट आपल्या हाडांच्या मापाची हवी. ते माप घ्यायची रीत अशी: खोक्याचा नालीदार पुठ्ठा कडक स्टुलावर ठेवायचा, त्यावर बसायचं, पुढे वाकायचं, टाचा उचलायच्या, आणि उठायचं. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटतात. त्यांच्यामधलं अंतर मोजायचं.

खळगे पुसट होते. मुलीने पुठ्ठा खिडकीशी तिरका धरला, बोटाने चाचपले, पेन्सिलीने भोवती गोल काढले आणि कंपासपेटीतली पट्टी लावून जाहीर केलं, "बारा पूर्णांक चार."

"कसलं माप गं?" आतून आई.

"बाबांच्या बुडाचं!"

"त्याला पट्टी कशाला? लांबूनही दिसतंय की."

पॅड लावलेल्या सायकलिंग शॉर्ट्सच्या आत काही घालायचं नसतं, शिवण घासते म्हणून. ही माहिती मी आईपर्यंत पोहोचू दिलेली नाही.

बाकीच्या अवयवांचं थोडक्यात उरकतो. हँडलवर तासन्‌तास भार देऊन करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, म्हणून हातांची जागा बदलत राहायची. भूक लागायच्या आधी खायचं, तहान लागायच्या आधी प्यायचं. भूक नसताना खाणं हा विषय मात्र माझा लहानपणापासून पक्का आहे.

रात्री दिवे आणि चमकणारं जाकीट सक्तीचं. ते घालून पहाटे सरावाला निघालो, तर मला बघून एका दुचाकीवाल्याने घाईघाईने हँडलला अडकवलेलं हेल्मेट डोक्यावर चढवलं. इतका मान मला ऑफिसात कधी मिळालेला नाही.

राहिली झोप. अनुभवी मंडळी वाटेत पंधरा-वीस मिनिटं डुलकी काढतात आणि ताजेतवाने उठून पुढे निघतात. ही कला आधी घरी घोटलेली बरी, म्हणून परवा रात्री जाकीट-हेल्मेटसकट बैठकीतल्या अरुंद बाकड्यावर आडवा झालो. वीस मिनिटांचा गजर लावला. आईने येऊन हेल्मेट काढलं, अंगावर पांघरूण घातलं आणि गजर बंद केला. चाळीसपैकी साडेसात तास तिथेच गेले.